नवी मुंबईच्या गच्चीवरून घरी बनवलेलं रॉकेट उडवलं तर पोलीस येतील का?

तारीख होती १६ मार्च १९२६. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ऑबर्न गाव. रॉबर्ट गॉडार्ड नावाच्या प्राध्यापकाने एका शेतात लोखंडी सांगाडा उभा केला. त्यात पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं रॉकेट बसवलं आणि पेटवून दिलं. रॉकेट उडालं, अडीच सेकंद हवेत राहिलं, साधारण साडेबारा मीटर वर गेलं आणि कोबीच्या वाफ्यात जाऊन पडलं.

साडेबारा मीटर म्हणजे किती? तर चार मजल्यांची बिल्डिंग. द्रव इंधनावर उडालेलं हे जगातलं पहिलं रॉकेट. पुढे माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न ५ याच तंत्रावर चाललं. या उड्डाणाला मार्च २०२६ मध्ये १०० वर्षं झाली.

आता एक गंमत बघा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, थोडं पाणी आणि सायकलचा पंप एवढ्या सामानात नेरूळ किंवा खारघरमधला शाळकरी पोरगा गॉडार्डच्या दुप्पट उंची सहज गाठू शकतो. म्हणजे रॉकेट उडवणं हे काही फक्त इस्रोचं काम नाही.

पण समजा, खारघरच्या एखाद्या दहावीतल्या मुलीने ठरवलं की बाटलीचं नको, मला खरं धूर सोडणारं रॉकेट बनवायचंय. ती यूट्यूब उघडते. तिथं अमेरिकेतली पोरं मैदानात रॉकेट उडवतायत, पॅराशूटने खाली आणतायत. तिला वाटतं, आपणही करू. मग आपल्याकडे याला परवानगी आहे का? कोणाकडे मागायची? आणि नवी मुंबईत तर आता विमानतळही सुरू झालंय, त्याचं काय?

एकेक करून बघू.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे स्फोटकांचा मूळ कायदा आहे १८८४ चा. म्हणजे गॉडार्डचं रॉकेट उडायच्या ४२ वर्षं आधीचा, इंग्रजांच्या काळातला. या कायद्यात ‘स्फोटक’ म्हणजे काय याची लांबलचक व्याख्या आहे. त्यात बंदुकीची दारू आहे, नायट्रोग्लिसरीन आहे, फटाके आहेत, वाती आहेत आणि त्याच यादीत ‘रॉकेट’ हा शब्दही आहे.

१८८४ मध्ये रॉकेट म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी होत्या. एक दिवाळीतलं रॉकेट आणि दुसरं युद्धातलं. टिपू सुलतानच्या फौजेने लोखंडी नळ्यांची रॉकेट इंग्रजांवर सोडली होती, ती बघून विल्यम काँग्रीव्ह यांनी इंग्लंडमध्ये आपली रॉकेट बनवली, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. शाळेतली पोरं शिकण्यासाठी रॉकेट बनवतील, हा विषय तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हता.

त्यामुळे आजही जळणारं इंधन भरून रॉकेट बनवायचं म्हटलं की गाडी थेट स्फोटक कायद्याच्या स्टेशनवर जाऊन थांबते. स्फोटकं बनवायची तर परवाना लागतो. परवाना देणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे पेसो, आणि तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. विनापरवाना स्फोटक बनवलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना तर स्फोटकं बनवायला आणि जवळ बाळगायला कायद्यानेच मनाई आहे.

तुम्ही म्हणाल, दिवाळीत तर पाच वर्षांचं पोरगंही बाटलीत रॉकेट लावून पेटवतं. बरोबर, पण ते रॉकेट परवाना असलेल्या कारखान्यात बनलेलं असतं. आपण विकत घेऊन उडवतो, घरी दारू भरत नाही. सगळा फरक इथंच आहे.

साखरेच्या रॉकेटचं काय?

इंटरनेटवर ‘साखरेचं रॉकेट’ नावाचे ढीगभर व्हिडिओ आहेत. साखर म्हटलं की आपल्याला चहा आठवतो, त्यामुळे हा प्रकार निरुपद्रवी वाटतो. पण साखर हे इथं फक्त इंधन आहे. तिच्यात मिसळलेलं रसायन तिला जाळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं. म्हणजे पातेल्यात तयार होणारी गोष्ट हवा तोडली तरी विझत नाही, झाकण ठेवलं तर फुटते. स्वयंपाकघरात गॅससमोर उभं राहून हे करणाऱ्याच्या हातात आणि तोंडासमोर काय असतं, याचा अंदाज बांधा.

आपण महाराष्ट्रात राहतो, त्यामुळे याची किंमत आपल्याला नव्याने सांगायची गरज नाही. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळच्या बाजारगावातल्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि ९ कामगार गेले. तो परवाना असलेला कारखाना होता, रोज हेच काम करणारी माणसं होती. जिथं प्रशिक्षित हातांनाही दुसरी संधी मिळत नाही, तिथं व्हिडिओ बघून केलेला प्रयोग कुठल्या भरवशावर करायचा?

त्यामुळे इंधन घरी बनवायला बंदी आहे, ती योग्यच आहे. प्रश्न वेगळा आहे. इंधन घरी बनवायचं नाही, तर मग ते मिळणार कुठून?

अमेरिकेने हा प्रश्न एका चपलांच्या दुकानातून सोडवला

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचं वेड लागलं. घरोघरी तळघरात लोखंडी पाइप आणि मिळेल ती रसायनं घेऊन प्रयोग सुरू झाले. पोरं जखमी व्हायला लागली. सरकारसमोर सोपा मार्ग होता, सरसकट बंदी.

पण त्याच सुमारास नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाइल नावाचा माणूस होता. त्याचं बूट-चपलांचं दुकान होतं आणि फटाक्यांचा नाद होता. त्याने कागदाच्या नळीचं एक छोटं रॉकेट बनवलं होतं, ज्याची मोटर, म्हणजे दारू भरलेली नळी, काडतुसासारखी वेगळी काढता यायची. त्याने ते जी. हॅरी स्टाइन यांना पाठवलं. स्टाइन व्हाइट सँड्स या रॉकेट चाचणी केंद्रात सुरक्षेचं काम बघायचे आणि पोरांच्या अपघातांबद्दल लिहायचे.

दोघांच्या डोक्यातून निघालेली कल्पना साधी होती. रॉकेट पोराने बनवायचं, मोटर कारखान्याने. पोराने दारूला हातच लावायचा नाही. रॉकेट कागद, लाकूड आणि प्लॅस्टिकचं असेल, धातूचं नसेल. पेटवायचं ते लांबून, विजेच्या तारेने. पुढे डेन्व्हरच्या व्हर्नन एस्टेस यांनी अशा मोटर भराभर बनवणारं मशीनच तयार केलं आणि मोटर दुकानात खेळण्यासारखी मिळायला लागली.

आज अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत याची सरळ वर्गवारी आहे. रॉकेटचं वजन १,५०० ग्रॅमच्या आत, इंधन १२५ ग्रॅमच्या आत, सावकाश जळणारं, आणि सांगाडा कागद, लाकूड किंवा तुटणाऱ्या प्लॅस्टिकचा. एवढ्यात बसलं की ते सगळ्यात खालच्या वर्गात जातं आणि त्याच्यावर मोठ्या रॉकेटचे कडक नियम लागत नाहीत. विमानांना आणि माणसांना धोका होता कामा नये, ही अट मात्र कायम राहते.

आपल्याकडे अशी खालची वर्गवारीच नाही. एका टोकाला फटाका, दुसऱ्या टोकाला श्रीहरिकोटा. मधली पायरी गायब.

नवी मुंबईत अडचण दुप्पट का आहे?

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली. उलवे, कामोठे, पनवेल, बेलापूर हा सगळा भाग विमानतळाच्या अगदी शेजारी. त्याच्या आधीही हे आकाश मोकळं होतं असं नाही. खाडीपलीकडे मुंबईचं जुनं विमानतळ आहे, तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, उरणला बंदर आणि तेल-वायूचे प्रकल्प आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपन्या आहेत. जळतं रॉकेट भरकटून पडावं अशी जागा इथं शोधूनही सापडणार नाही.

विमान कायदा इथं काय म्हणतो? त्याची गंमत अशी की विमानाची कायदेशीर व्याख्या ‘हवेच्या आधाराने वर राहणारं यंत्र’ अशी आहे. त्यात फुगा येतो, ग्लायडर येतो, अगदी पतंगसुद्धा येतो. रॉकेट मात्र हवेच्या आधाराने उडत नाही, ते मागे काहीतरी फेकून पुढे जातं. म्हणून संक्रांतीचा पतंग व्याख्येत बसतो आणि रॉकेट बसत नाही.

पण व्याख्येत बसत नाही म्हणजे मोकळीक आहे, असं समजू नका. विमानाला धोका होईल असं काहीही हवेत सोडणं हा गंभीर विषय आहे. इस्रोसुद्धा रॉकेट सोडायच्या आधी ‘नोटॅम’ काढायला लावते, म्हणजे वैमानिकांना आधी सूचना जाते की अमुक वेळेत या भागात येऊ नका.

अंदाजासाठी ड्रोनचे २०२१ चे नियम बघा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायचं तर परवानगी लागते. त्याहून जवळ नियम आणखी कडक. कुठला भाग लाल, कुठला पिवळा हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर दिसतं. हे नियम ड्रोनसाठी आहेत, रॉकेटसाठी नाहीत. पण आपल्या डोक्यावरचं आकाश किती गजबजलेलं आहे, हे त्यातून कळतं.

मग उडवायचं काय? उत्तर आहे बाटली

आता आपल्या खारघरच्या मुलीकडे परत येऊ. तिच्यासाठी आज जो रस्ता उघडा आहे, तो म्हणजे पाण्याचं रॉकेट. पाणी आणि हवा ही काही स्फोटकं नाहीत, त्यामुळे १८८४ चा कायदा मध्ये येत नाही. शिवाय हा पोरखेळ आहे असंही समजू नका. जपानची अवकाश संस्था जाक्सा ज्या आशिया-पॅसिफिक फोरममध्ये पुढाकार घेते, तिथं २००५ पासून शाळकरी मुलांच्या पाण्याच्या रॉकेटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन विद्यापीठाच्या टीमने २०१५ मध्ये खास बनवलेलं पाण्याचं रॉकेट ८३० मीटर उंच नेलं होतं. म्हणजे बुर्ज खलिफाच्या टोकापर्यंत.

हे चालतं कसं? बाटलीत साधारण एक तृतीयांश पाणी भरायचं. बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढायचा आणि बाटली उलटी करून पंपाने हवा भरायची. आत दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी जोरात बाहेर पडतं आणि बाटली वर सुटते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही. नुसती हवा भरली तरी बाटली उडते, पण थोडीच, कारण हवा हलकी. पाणी जड असल्याने धक्का मोठा बसतो. पाणी खूप भरलं तर उलट हवेला जागा उरत नाही आणि ताकद कमी पडते. म्हणून एक तृतीयांश.

आता थोडं हटके करायचं असेल तर? रॉकेट लांबट नळीचंच असावं असा काही नियम नाही. परदेशात हौशी लोक शंकूच्या, पिरॅमिडच्या, अगदी ताटलीच्या आकाराचीही रॉकेट उडवतात. वरवर हा वेडेपणा वाटतो, पण छोट्या मैदानासाठी हे आकार चांगले. पसरट आकाराला हवा जास्त अडते, त्यामुळे ते फार उंच जात नाही आणि खाली येतानाही बाणासारखं न घुसता गटांगळ्या खात हळू येतं. चारी बाजूंनी बिल्डिंग असलेल्या नवी मुंबईत हा फायद्याचा सौदा आहे.

आकार कुठलाही घ्या, एक गोष्ट पाळावीच लागते. वजनाचा मध्य पुढे, शेंड्याकडे हवा आणि हवेचा जोर जिथं लागतो तो मध्य मागे, शेपटीकडे. म्हणून शेंड्यात थोडी माती किंवा एमसील भरतात आणि मागे पुठ्ठ्याचे पंख लावतात. तपासायची युक्ती सोपी आहे. रॉकेट जिथं तोललं जातं तिथं सुतळी बांधा आणि डोक्याभोवती गोल फिरवा. शेंडा पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवंतिडवं झालं तर पंख मोठे करा नाहीतर शेंड्याचं वजन वाढवा.

आणि हो, पाणी आहे म्हणून धोका शून्य असंही नाही. ४० मीटरवरून पडणारी वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर येते. त्यामुळे काही गोष्टी पक्क्या:

- गच्चीवरून उडवू नका, मोकळ्या मैदानात उडवा. रॉकेट पडणार कुठं हे गच्चीवरून तुमच्या हातात राहत नाही.
- सोडा किंवा कोल्ड्रिंकचीच बाटली घ्या, ती गॅसचा दाब सोसायला बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली नको. चिरलेली, उन्हात तापलेली बाटली फेकून द्या.
- पंपाला दाब दाखवणारा काटा हवाच. ६० पीएसआयच्या पुढे जाऊ नका.
- बाटलीला खिळे, तारा, लोखंडी टोक लावू नका.
- सोडण्यासाठी लांब दोरी ठेवा. दाब भरलेल्या बाटलीवर कोणी वाकायचं नाही, ती उडत नसली तरीही. आधी दाब सोडा, मग जवळ जा.
- मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारा, सोबत मोठं माणूस ठेवा, विमानतळाच्या जवळ राहत असाल तर हा कार्यक्रम लांब कुठं तरी करा. पोलिसांचा त्या भागापुरता काही आदेश आहे का, हेही बघून घ्या.

विषय फक्त एका रॉकेटचा नाही

महाराष्ट्रात घरी विमान बनवणाऱ्या दोन माणसांच्या गोष्टी आपल्याला माहिती आहेत.

पहिले कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीतल्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं आणि सगळ्या देशाने पाहिलं. तरी नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, उडवायची परवानगी मिळायला २०१९ आणि धुळ्यात चाचणी व्हायला २०२०. सुरुवातीपासून मोजलं तर दोन दशकं गेली. ते स्वतः पायलट होते, नियमांची भाषा त्यांना कळत होती, तरीही.

दुसरी गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीची. तिथल्या २४ वर्षांच्या तरुण कारागिराने व्हिडिओ बघून आणि हाताने वेल्डिंग करून हेलिकॉप्टर बनवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी सुरू असताना पातं तुटलं, डोक्याला मार बसला आणि तो गेला. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला, लोक हळहळले आणि विसरले.

एकाला परवानगीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं, दुसऱ्याला परवानगी मागायची कुठं, हेच सांगणारं कोणी नव्हतं. त्याचं यंत्र चालू करण्याआधी ‘थांब, हे पातं टिकणार नाही’ असं म्हणणारा एखादा जाणकार शेजारी उभा असता, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

आता सरकारला खासगी अवकाश कंपन्या हव्या आहेत. २०२० मध्ये इन-स्पेस ही संस्था जाहीर झाली, २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं. १८ नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस उडालं, ३० मे २०२४ ला अग्निकुलचं अग्निबाण. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात इन-स्पेसने कॉलेजच्या टीमसाठी मॉडेल रॉकेटची स्पर्धाही भरवली. हे पाऊल चांगलंच आहे.

पण कॉलेजला पोचण्याआधीची दहा वर्षं? तिथं अजूनही रिकामी जागा आहे. ती भरायला अब्जावधी रुपये लागत नाहीत. परवाना असलेल्या कारखान्यात बनलेल्या छोट्या मोटरसाठी पेसोने वेगळा, मर्यादित वर्ग ठरवायचा. प्रत्येक विभागात वस्तीपासून आणि विमानतळापासून लांब एखादं मैदान आणि वर्षातले ठरावीक दिवस जाहीर करायचे, विमान वाहतूक विभागाला आधी कळवून. आणि तोवर शाळांनी निदान पाण्याचं रॉकेट तरी मैदानात आणायचं. स्फोटकांची परवानगी देणारी संस्था नागपुरात, प्रोपेलंटवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा पुण्यात, पीएसएलव्हीच्या मोटरची आवरणं बनवणारा कारखाना वालचंदनगरमध्ये आणि खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. हे करायला महाराष्ट्रापेक्षा सोयीचं राज्य कुठलं?

२० नोव्हेंबर १९६७ ला केरळातल्या थुंबाहून भारतात बनलेलं पहिलं साउंडिंग रॉकेट उडालं, रोहिणी-७५. त्यातले ७५ म्हणजे मिलिमीटर, रॉकेटची जाडी. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली त्याहून जाड असते.

तेव्हा खारघरच्या त्या मुलीने बाटलीला पुठ्ठ्याचे पंख चिकटवायला घेतले, तर तिला हसू नका. पंप धरायला मदत करा आणि काटा ६० च्या पुढे जाऊ देऊ नका.